ओसरीतलं अर्धं जहाज

गेल्या सोमवारी दुपारी, युसूफ वडगाव या आमच्या गावात, घरच्या ओसरीवर, मी लढाईच्या जहाजावर तीन विमानं उतरवली... आणि सापडले.

थांबा, आधीपासून सांगते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, फोनला बोलून लिहिते. इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आमचे मालक सुतार. जन्मभर बैलगाड्या केल्या. पोळ्याच्या तोंडावर एक गाडी अर्धी झाली आणि लकवा झाला... उजवा हात गेला. गाडीवाला तरी किती थांबणार? अर्धी गाडी ट्रॅक्टरमध्ये घालून दुसऱ्या सुताराकडं घेऊन गेला. त्या दिवशी मालक जेवले नाहीत.

केजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या हातानं बारीक वस्तू उचला, नाहीतर बोटं अशीच राहतील. मी रोज वाटीत चिंचोके ठेवायचे. "लेकरू हाय का मी?" म्हणून मालक वाटी सरकवायचे. डाव्या हातानं.

मग पुण्याचा नातू सुट्टीला आला. त्यानं फोनमध्ये एक जहाज दाखवलं, परदेशातलं, दुसऱ्या महायुद्धातलं. विमानं उतरायला वर मैदानासारखं सपाट... पण बांधता बांधता काम थांबलं, एकही विमान त्याच्यावर कधी उतरलं नाही. मालक लई वेळ बघत बसले. म्हणाले, "ह्याचा नकाशा मिळंल का?"

नातवानं नकाशा छापून पाठवला. जहाजाचे दोनशे फूट म्हणजे आपला एक फूट, असं चार फुटांवर जहाज बसलं. सागाच्या उरलेल्या चिपा गुडघ्यात धरायच्या आणि डाव्या हातानं कानस मारायची. उजवा हात मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखा.

शेजारचे आबा रोज डोकावायचे. "तात्या, हे मांजरा नदीच्या धरणात सोडता का काय? आन् हे तर अर्धंच हाय की!"

"तेवढंच झालतं," मालक म्हणायचे. "तिथल्या गड्यांचा हात जिथं थांबला, तिथं आपला थांबवायचा."

मी एकदा म्हणाले, बरंच झालं की पुरं झालं नाही, कुणाकुणाची लेकरं मेली असती. कानस खाली ठेवून म्हणाले, "ते बी खरं हाय. पण अर्धं काम सोडून घरी जाणाऱ्याला कसं वाटतं, ते मला इचार." मी चूल फुंकायला आत गेले... डोळ्यात धूर गेला म्हणायला बरं.

तर सोमवार. मालक जेवून झोपले होते. ते रिकामं सपाट जहाज बघून मला राहवलं नाही. लहानपणी आम्ही ऊसतोडीला जायचो, तेव्हा खेळणी कुठली... ज्वारीच्या धाटाची साल काढायची, आतल्या पांढऱ्या भेंडात सालीच्या काड्या खोचायच्या, की झाली बैलगाडी. बोटं ते विसरलेली नाहीत. कडब्याच्या गंजीतलं एक धाट ओढलं, बोटाच्या पेराएवढी तीन विमानं केली आणि ठेवून दिली ओळीनं.

मालक उठले. बघितलं. मी पदर तोंडात धरून उभी.

"अगं, त्याच्यावर कधी इमान उतरलंच न्हाई! सांगितलं व्हतं न्हवं तुला?"

असं म्हणत डाव्या हातानं जहाज धरलं, हलू नये म्हणून... आणि एकेक विमान उचलून डब्यात टाकलं. उजव्या हातानं.

अंगठा आणि एक बोट. थरथरत होती, पण मिटली. त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वाटीभर चिंचोक्यांनी झालं नाही, ते रागानं झालं.

तेव्हापासून मी रोज दुपारी एक विमान ठेवते. ते रोज पुटपुटतात आणि रोज उचलतात. परवा दुसरं बोटही आलं मदतीला... जहाज बांधणाऱ्या त्या लांबच्या कारागिरांची नावंगावं मला माहीत नाहीत, पण दिवा लावताना आता त्यांनाही हात जोडते.

काल पाहुणे आले, त्या गडबडीत विमान राहूनच गेलं. चहा झाला, पाहुणे गेले. मालक जहाजापाशी जाऊन बसले. तिथूनच हळूच हाक आली...

"आज इमान आलं न्हाई का गं?"

मी भांडी तशीच टाकली आणि कडब्याच्या गंजीकडं पळाले.