बारशाआधीचा पासवर्ड

चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जो घोळ घातलाय, तो ऐकताना ठसका लागेल!

माझं काम काय, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे व्हीपीएनचे डबे एकमेकांशी गुपचूप बोलू शकतात का, ते तपासायचं. थोडक्यात, डब्यांच्या सोयरिकी जुळवायच्या. एक डबा तिसगावात आमच्या कपाटावर, दुसरा पुण्यात. दोन्हीकडे एकच गुप्त शब्द घातला, की सोयरीक पक्की.

आता हा शब्द मी काय ठेवावा? लेकीचं नाव!

हसू नका. बाळंतपणापासून मला स्वतःचा मोबाईल नंबर आठवत नाही, हे नाव तेवढं पक्कं होतं. बारसं व्हायचं होतं, कारण कर्जतच्या नणंदबाईंच्या उसाला कारखान्याची तोड मिळत नव्हती, आणि आत्याशिवाय कसलं बारसं? पाळण्यात नाव आत्याच घेणार. तोवर कुणाला कळता कामा नये. म्हणजे याहून गुप्त शब्द गावात दुसरा होता का?

त्या सकाळी डबे काही जुळेनात. पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, शब्द चुकतोय. एकदा सांगता का?"

असा शब्द फोनवर सांगायचा नाही, हा नियम. लिहिलाय कुणी? मीच! पण दुपारी साहेबांना अहवाल हवा, लेक खांद्यावर रडतेय, आणि रेंज फक्त गच्चीवर. गेले वर.

"इंदापूरचा आय! राहुरीचा आर! अकोल्याचा ए..."

"काय? तुटतंय, मॅडम!"

"अहो, इरावती! इ-रा-व-ती!"

"जुळलं, मॅडम!"

आनंदाने खाली पाहिलं, तर जीपमधून उतरलेल्या नणंदबाई अंगणात उभ्या! हातात झबल्या-टोपड्यांची पिशवी.

"ऊस गेला, म्हनून आले," त्या म्हणाल्या. "इरावती व्हय? लई भारी! आत्या मी हाय का तो फोनवरचा?"

"ताई, ते ऑफिसचं..."

"मग त्यालाच बोलवा पाळना हलवायला!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "मी इचारलं तर म्हनली, गुपित हाय!"

"फुटलेलं नाव मी पाळन्यात घालनार न्हाई," नणंदबाईंनी निकाल दिला.

आणि बारशाला त्यांनी बाळाच्या कानात कुर्रर्र करून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "स्वरा!" आमच्या गल्लीतली चौथी.

मी काय तोंडाने बोलणार? अहवालात 'गुप्तता उत्तम' असं लिहून कधीच पाठवलं होतं.

आता 'इरावती' अशी हाक मारली, तर अख्ख्या जगात एकच जण ओ देतो.

पुण्यातला डबा!