ट्रायपॉडला टांगलेले पाच दगड

आधीच सांगून टाकतो, असल्या भुताखेताच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही... म्हणजे नव्हता. उलट असे अनुभव मी बायकोला हातवारे करून, आवाज काढून वाचून दाखवायचो, आणि ती ऐन रंगात आली की हळूच तिच्या पाठीमागचं कपाट वाजवायचो. एकदा तिने लाटणं फेकून मारलं होतं. तर असा मी. वय बावन्न, मुक्काम लातूर, अठ्ठावीस वर्षं व्हिडिओ शूटिंगचा धंदा. लग्नं, बारशी, सत्कार, दोन-तीन अंत्ययात्रासुद्धा. हेडफोन लावला की गर्दीत कुणाला हुंदका फुटणार आहे, ते मला आधी कळतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तुम्ही म्हणाल, मला नीट ऐकू आलं नसेल. आलं होतं!

सुरुवात ट्रायपॉडपासून. माझा जुना ट्रायपॉड सात किलोचा. घरात त्याला ‘रेडा’ म्हणायचे. या रेड्याने गेल्या वर्षी माझ्या कमरेतली चकती सरकवली. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही आणि वाकायचं नाही. बायको म्हणाली, “वाकत तर तुम्ही कुणापुढंच नव्हता. वजनाचं तेवढं बघा.”

म्हणून नांदेडला एका दुकानात जाऊन बसलो. माझ्या अटी सरळ होत्या. मिटवला की पाठीवरच्या सॅकमध्ये आडवा मावावा, एसटीत मांडीवर घेता यावा, पण हेड, म्हणजे कॅमेरा बसतो ती मान, मात्र व्हिडिओचंच हवं. कॅमेरा फिरवला की तेलात फिरल्यासारखा फिरावा, मध्येच गचका नको. दोन तासांत अकरा ट्रायपॉड उघडले. एकाचे पाय इतके बारीक की कॅमेरा ठेवताच तो लाजल्यासारखा हलायला लागला. शेवटी दीड किलोचा एक पसंत पडला.

“पण हलका हाय साहेब,” दुकानदार म्हणाला, “वाऱ्यात डुलणार. मग काय करायचं? ही मधली दांडी हाय ना, तिच्या बुडाला हूक हाय. पिशवीत चार-पाच दगड भरायचे न् इथं टांगायचे. एकदम पक्का. दगड काय, जाल तिथं फुकट.”

मी त्याला टाळी दिली. वजन घरून न्यायचंच नाही, तिथलंच घ्यायचं! केवढी सोय!

त्याच आठवड्यात रेखाचा फोन आला. रेखा लातूरच्या एका शाळेत संगीत शिकवते. जन्मापासून तिला दिसत नाही. शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग माझ्याकडे असतं, तेव्हापासूनची ओळख. पावलांवरून मला ओळखते, वर चेष्टा करते, “काका, चप्पल नवीन दिसून राहिली!” त्या दिवशी मात्र चेष्टा नव्हती.

“काका, मंगळवारी आईचं ऑपरेशन हाय नांदेडला. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढून टाकणार. नंतर तिला बोलता यायचं न्हाई.”

मी वही उघडून मंगळवारच्या तारखेवर बोट ठेवलं.

“तिला लिहिता येत न्हाई, मला बघता येत न्हाई. कळतंय का काका? मंगळवारच्या आत तिचा आवाज भरून द्या मला.”

“अगं, आवाजच हवा तर मोबाईलवरसुद्धा—”

“मला आवाज, आन् उद्या मला लेकरू झालं तर त्याला चेहरा. दोन्ही पाहिजे.”

रेखाची आई गयाबाई. किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. घर तिथून जवळच, जंगलाच्या कडेला. गावाचं नाव देत नाही, लोक उगाच बघायला जातील.

शुक्रवारी एसटीने किनवट गाठलं, लॉजवर सामान टाकलं आणि एका फोटोवाल्याची मोटारसायकल मागून निघालो. गावाच्या अलीकडे सागाच्या झाडीत एक वळण लागतं. वळणावर दगडांचा ढीग होता, बरोबर माझ्या कमरेइतका उंच. मुठीएवढे, गुळगुळीत, धुतल्यासारखे स्वच्छ दगड. वाकायचं कामच नाही! बांधकाम खात्याने माझ्या कमरेची किती काळजी घेतली, असं मोठ्याने म्हणालो आणि पाच दगड कापडी पिशवीत टाकले.

दुपारी तीनला अंगणात मांडामांड केली. वारा होता. दगडांची पिशवी हुकाला अडकवली आणि खरंच, ट्रायपॉड जमिनीत पुरल्यासारखा उभा राहिला. गयाबाई खाटेवरून बघत होत्या, शेजारी आधीच येऊन राहिलेली रेखा.

“हे काय रे भाऊ? बगळ्याच्या टांगा? मोडल्या तर माझ्यावर घेऊ नको.”

“मोडत नाहीत मावशी. तुम्ही फक्त बोला.”

“बोलू काय? तीस वर्सं नुसतं बोंबललेच.”

आणि बाई खरंच बोंबलली. पहिल्यांदा वसतिगृहाची जेवणाची हाक, “जेवायला याऽऽ रेऽऽ!” शेजारची दोन पोरं कुंपणापर्यंत धावत आली. मग रेखाची अंगाई. मग घरातल्या सगळ्यांची नावं, मेलेल्यांसकट. मग दूध उतू जायच्या आधी आवाज कसा बदलतो, भाकरी भाजली हे बोटाला कसं कळतं, ते. शेवटी थेट रेखाला, “रेखे, मी गप बसले म्हून रागावले असं समजू नको. रागावले तर मी भांडं आपटीन. भांडं आपटलं न्हाई म्हंजी मी खुशीत हाय.” रेखा तोंडात पदर धरून बसली होती. मी हेडफोन लावून उभा, डोळे पुसत. रेकॉर्डिंगचे पाच तुकडे झाले. आवाजाच्या मीटरचा काटा प्रत्येक शब्दाला उडत होता. मी बघत होतो.

संध्याकाळी सहाला लॉजवर लॅपटॉपवर फाइल लावली.

चित्र काचेसारखं स्वच्छ. चिमण्या ऐकू येत होत्या. शेळीच्या गळ्यातली घंटा, कुकरची शिट्टी, माझं “हं, चालू” — सगळं होतं. गयाबाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. माईक त्यांच्या पदराला लावलेला. पदराची सळसळ होती, दोन शब्दांमधला श्वास होता. फक्त शब्द नव्हते. पाचही तुकड्यांत एकही नाही.

आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, ओठ मिटल्यावर, अगदी माईकजवळ कुणीतरी म्हणत होतं... “ओऽ.”

आपण हाकेला देतो तशी ओ. पहिली म्हाताऱ्याची. दुसरी एका बाईची. तिसरी लहान मुलीची. चौथी पुरुषाची. पाचवी घाईतली, सायकलवरून जाता जाता दिल्यासारखी. अंगणात आम्ही तिघंच होतो. पोरं तर पहिल्या हाकेनंतरच पळाली होती.

दोन वेगवेगळ्या हेडफोनवर ऐकलं. मग लॅपटॉप मिटवला आणि खाली चहाच्या टपरीवर माणसांत जाऊन बसलो.

शनिवारी सकाळी पुन्हा गाव. रेखाला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. ती नुसतं म्हणाली, “लावा.” सगळं ऐकलं. आईचा श्वास आला की ती लॅपटॉपजवळ कान नेत होती. तिसऱ्या तुकड्याला म्हणाली, “परत.” परत लावलं. “अजून एकदा.”

“काका, ही ओ माझी हाय.”

“कशी तुझी? तू तर...”

“आताची न्हाई. मी सहा-सात वर्सांची असंन तवाची. शेवटाला सूर वर नेते बघा. आईला हसू यावं म्हून तसं करायची.” मग तिने मला विचारलं, “काल ट्रायपॉडला काय बांधलं होतं तुम्ही? खडखडत होतं.”

“दगड. वळणावरचे.”

तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही.

तिने सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी त्या वळणावर एक बाळंतीण अडली. दिवसभर हाका मारत राहिली. हाका गावात ऐकू येत होत्या. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणी गेलं असेल. कुणीच ओ दिली नाही. तेव्हापासून तिथून जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो आणि मोठ्याने ओ देतो, तिला ऐकू जाईल अशी.

“आई मला बोटाला धरून न्यायची. माझ्या हातानं दगड ठेवायला लावायची,” रेखा म्हणाली. “तुम्ही तिच्या पाच ओ उचलून आणल्या, काका. त्यांच्या बदल्यात तिनं आईचा आवाज ठेवून घेतला.”

पिशवी मांडीवर घेऊन रेखा मोटारसायकलवर मागे बसली. वळणावर तिने चाचपत एकेक दगड परत ठेवला, प्रत्येकाला ओ दिली. मग म्हणाली, “आता तुम्ही.” लग्नाच्या मांडवात माईक बंद पडला की हजार माणसं हसवणारा मी. तोंडातून एक अक्षर निघेना. तिसऱ्या प्रयत्नाला कशीबशी ओ फुटली.

परत येऊन पुन्हा मांडलं. या वेळी हुकाला पाण्याचा कॅन लावला. पण कालच्या हाकांनी गयाबाईंचा घसा सुजून बंद झाला होता. नुसती हवा येत होती. रेखा म्हणाली, “आई, एकदाच, रेखे म्हण.” बाईने बराच वेळ ओठ हलवले. शेवटी वैतागून माझ्याकडे हात झटकला आणि कुजबुजली, “उचल ते टांगाडं माझ्यापुढून.”

तेवढंच रेकॉर्ड झालं. त्यातही आवाज असा नाही, हवाच. रविवार-सोमवारीही घसा उघडला नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गयाबाई वाचल्या. आता रेखाच्या पाठीवर बोटं आपटून बोलतात. भांडीही आपटतात, अधूनमधून.

लातूरच्या एका साउंडवाल्या मित्राला फाइल दिली. तो म्हणाला, आवाजाचे दोन चॅनेल उलटे जोडले गेले की आवाज एकमेकांना खातात. मी म्हटलं, मग श्वास कसा राहिला? शेळीची घंटा कशी राहिली? आणि त्या पाच ओ? त्याने त्या पुन्हा ऐकल्या, माझ्यासमोर आपली कॉपी पुसली आणि म्हणाला, हे परत आणू नको. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, पण मला फार आशा नाही, कारण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे.

महिनाभराने रेखाचा फोन आला. “काका, हेडफोनमध्ये तुम्ही आईला ऐकलं होतं ना?”

“शब्द न् शब्द. दूध, भाकरी, भांडं... सगळं पाठ आहे.”

“शब्द मलाही पाठ हायत. आवाज कसा होता?”

मी तोंड उघडलं आणि थांबलो. जाड होता? बारीक? खालचा, वरचा? कुकरची शिट्टी कानात होती. शेळीची घंटा होती. ती बाई माझ्या कानात तासभर बोलली होती आणि तिथे आता काहीच नव्हतं. तिकडे फोनवर रेखा वाट बघत होती. आजवर प्रश्न विचारणाऱ्या कुणाला मी रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही. म्हणून मी थाप मारली. जरा खर्जात, जरा नाकात, बाईसारखा आवाज काढून म्हणून दाखवलं, “जेवायला याऽऽ रेऽऽ...”

तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

“न्हाई काका,” मग म्हणाली, “असा नव्हता. कसा होता ते मलाही आठवून न्हाई राहिलं. पण असा नव्हता.”