एक ठेका, वीस गळे

मुलीला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळालं आणि माझा जीव कायमचा टांगणीला लागला. त्यात अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावचा हिवाळा. त्या दुपारी ती मैत्रिणीकडून एकटी गाडी चालवत परत येत होती आणि बर्फ पडायला लागला होता.

तेव्हा आम्हा तिघांत गाण्यांचं अकाउंट एकच होतं. दुसरं घ्यायचं नवऱ्याच्या जिवावर यायचं. त्यामुळे एकाने कुठे गाणं लावलं की दुसऱ्याचं बंद. नवरा बेसमेंटमध्ये भीमगीतं लावायचा, तिकडे गाडीत मुलीचं गाणं तुटायचं, आणि ती घरी येऊन त्याच्यावर ओरडायची. पण याच अकाउंटमुळे ती गाडीत काय ऐकतेय ते मला माझ्या फोनवर दिसायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती जमैकाचं डान्सहॉल ऐकते. "आई, याला रिडिम म्हणतात. बीट सेम, सिंगर्स वेगळे," तिने मला समजावलं होतं. वीस गायक, वीस गाणी, खाली ठेका एकच. मला त्याचं नवल वाटलं नाही. नागपूरला आमच्या वस्तीत जयंतीला एकाच चालीवर प्रत्येक गल्ली आपापलं गाणं म्हणायची.

तर दर तीन मिनिटांनी फोनवर गायकाचं नाव बदलायचं. नाव बदललं की मी समजायची, पोरगी शाबूत आहे. त्या दिवशी पाचवा गायक लागला तेव्हा खिडकीतून समोरचं घर दिसेनासं झालं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. मला राहवेना. ती ऐकतेय तेच आपणही ऐकावं म्हणून मी फोनवरच्या यादीत किचनच्या स्पीकरच्या नावावर बोट ठेवलं. ओट्यावर ठेका धडधडायला लागला. सहावा गायक, सातवा, आठवा. ती रस्त्यावर, मी ओट्याशी, दोघी एकाच ठेक्यावर. बरं वाटलं. मी चहाचं आधण ठेवलं.

दहाव्या गायकाच्या वेळी फोनकडे नीट पाहिलं. गाण्याखाली लिहिलं होतं, किचन. गाडीचं नाव कुठेच नव्हतं. पंधरा मिनिटं मी माझंच स्वयंपाकघर ऐकत होते. एकाने लावलं की दुसऱ्याचं बंद, हा नियम तोंडपाठ होता, भीतीपायी तोच विसरले.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, आणि मग वाटलं, चालवता चालवता ती तो उचलायला गेली तर? घाबरून कट केला. अकरावा गायक मजेत गात होता.

गॅरेजचं दार वाजलं तशी मी स्पीकर बंद केला. पोरगी आत आली ती पांढरीफटक.

"म्युझिक अचानक बंद झालं. मी फोनकडे बघितलं, जस्ट वन सेकंड, आणि कार स्लाइड झाली. समोरून ट्रक येत होता, आई."

मग ती बेसमेंटच्या जिन्याकडे वळून ओरडली, "बाबा! यू डिड इट अगेन!"

नवरा वर आला. दुपारभर तो ऑफिसच्या कॉलवर होता. पण आधी दहादा ही चूक केलेली, त्यामुळे त्याला खरंच वाटलं. "सॉरी बेटा, चुकून लागलं असेल," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

चोराच्या मनात चांदणं. मी पाठ फिरवून चहा गाळत राहिले.

दुसऱ्याच दिवशी त्याने तिला वेगळं अकाउंट घेऊन दिलं. आता तिचं गाणं तुटत नाही आणि मला काही दिसत नाही. अजूनही बर्फ पडला की तो तिची माफी मागतो, आणि मी पाठ फिरवून चहा गाळते.