धाटावचं घड्याळ

आजही ते मशीन आठवलं की डोकं फिरतं, आणि मशीनपेक्षा नवरा आठवला की जास्त.

रोह्यात आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. धाटावच्या कंपन्यांत मोठ्या मोटरींजवळ वावरून कामगारांच्या घड्याळांत चुंबक भरायचं आणि ती पुढे पळायची. म्हणून धाटावचं कुठलंही घड्याळ आलं की नवरा ते आधी चुंबक काढायच्या मशीनवर धरायचा. काय बिघडलंय ते नंतर विचारायचा.

नव्याण्णव साली तिथला एक इंजिनियर जपानहून आणलेलं घड्याळ ठेवून गेला. फक्त पट्टा बदलायचा होता. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी वाचून काढलं. घड्याळ चावीचं, सेल नाही. स्प्रिंग चुंबकाचं एक इवलंसं चाक फिरवते, त्यातून वीज तयार होते आणि तीच वीज त्या चाकाला ब्रेक लावून वेळ बरोबर राखते.

मी ओरडले, "अहो, मशीनवर धरू नका! यातलं चुंबक राहायलाच पाहिजे."

"तू नको शिकवू गो मला," म्हणाला आणि धरलंच. चुंबकाचा जोर गेला, वीज बंद, ब्रेक सुटला. काटे पिसाटासारखे धावायला लागले.

संध्याकाळी इंजिनियर आला. नवरा मान खाली घालून म्हणाला, "बायकोनं हात लावला, साहेब."

मी पुस्तक त्याच पानावर उघडून काउंटरवर आपटलं.

"हात नाय लावला, साहेब. मी फक्त हे वाचलं. या दुकानात माझा तेवढाच गुन्हा हाय."