माझ्या बदल्यातला बॅक

सोलापूर स्टेशनच्या फाटकावर पंधरा वर्षे मी इतरांची तिकिटे तपासली. त्या दिवशी मात्र खिशात स्वतःचा पास आणि एक अर्धा भरलेला अर्ज घेऊन मी गाडीत बसलो. अर्ज आपसांतल्या बदलीचा होता. रेल्वेत ही एक सोयीची रीत आहे. दोन गावच्या, एकाच हुद्द्याच्या दोन माणसांनी सह्या केल्या की त्यांची अदलाबदल होते आणि वरच्यांना डोके चालवावे लागत नाही. समोरच्या माणसाची सही आधीच होऊन आली होती. नाव खंडू, हुद्दा टिकिट कलेक्टर, मुक्काम पूर्णा जंक्शन, जिल्हा परभणी. माझी जागा कोरी होती.

खरी अदलाबदल अर्थातच टिकिट कलेक्टरांची नव्हती. सोलापूरच्या रेल्वे हॉकी संघात मी बारा वर्षे समोरच्या फॉरवर्डना अडवणारा राइट बॅक म्हणून खेळत होतो. हॉकीपायी बढतीच्या परीक्षा राहून गेल्या आणि गुडघाही जाऊ लागला. अशातच आमच्या सेक्रेटरींना कुणीतरी सांगितले, की पूर्णेला वीस वर्षांचा एक बॅक आहे, तो दोन वर्षांत कुठल्या कुठे जाईल. निजामाचे संस्थान विलीन झाले होते आणि त्याची रेल्वेही आमच्याच छत्राखाली आली होती. त्यामुळे अशी अदलाबदल आता शक्य होती. विलीनीकरणाचा मला मिळालेला पहिला प्रत्यक्ष लाभ तो हा. संघाच्या भल्याविषयी सेक्रेटरींनी एक भाषण केले. मी सही करण्याआधीच त्यांनी माझ्या निरोपाची शाल आणून ठेवली होती.

"आधी त्याला पाहून येतो," मी म्हणालो. सर्वांना ते उदार वाटले. त्याच्यात खोट काढायला निघालो आहे, हे मी कुणालाही सांगितले नाही.

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शीच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश जाते की शेतातल्या माणसाशी सुरू केलेले बोलणे पुरे करता येते. लातूरपासून पुढे मोटार. अंबाजोगाईच्या घाटात तिच्या नाकातून वाफ निघू लागली. कंडक्टरने माझी पाण्याची बाटली मागून घेतली, इंजिनाला पाजली आणि रिकामी बाटली आभार मानून परत केली. परळीला मी तहानलेलाच पोहोचलो आणि तिथून परभणीची गाडी धरली.

गंगाखेडला गोदावरी ओलांडली. हिवाळ्यातले पात्र वाळूने भरले होते आणि पाणी एका कडेने, अंग चोरून चालले होते. पुढे पोखर्णीला, नृसिंहाच्या गावी, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा डब्यात चढला. त्याच्यामागे एक शेळीही चढली. तिकिटासाठी माझा हात सवयीने पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. ओळख न देता जायचे म्हटले की असे अन्याय सोसावे लागतात.

"कुठं निगालाव?" त्याने विचारले.

"पूर्णेला. हॉकीचा सामना आहे म्हणे."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मंग आमच्या खंडूला बघनार तुमी. आमच्याच गावचं पोरगं. माज्या चुलतभावाचं. उर्दूत मॅट्रिक झालंय, पर शिकलं ते बकऱ्याच्या मागं."

"बकऱ्यांमागे हॉकी?"

"बकरी पळाली की बाकीची पोरं तिच्या मागं पळतेत. हे पळत न्हवतं. मान बघायचं. मान कुटं वळली ते बघून पुढं जाऊन उभं ऱ्हायचं. बकरी आपली चालत येतीया त्याच्यापाशी."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. चेंडूऐवजी माणसाची मान बघावी, हे मला कळायला सात वर्षे आणि दोन पुढचे दात लागले होते. हा मनुष्य ते पोटासाठी शेळ्या राखता राखता शिकला होता. मला त्याचा हेवा वाटला तो तिथपासून. अजून मी त्याला पाहिलेही नव्हते.

परभणीला गाडी बदलून पूर्णेला उतरलो. फाटकावर काळ्या कोटातला एक तरुण टिकिट कलेक्टर उभा होता. माझा पास त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ न्याहाळला. नवखा दिसतो, मी मनात म्हटले. पास बघायचा असतो, वाचायचा नसतो.

स्टेशनसमोर बशीरभाईंचे हॉटेल आहे. चार बाके, एक भट्टी आणि भिंतीला टांगलेली एक मोडकी हॉकीस्टिक, जिला रोज उदबत्ती ओवाळली जाते. तिघे जण तावातावाने बोलत होते. स्वतः बशीरभाई, किराण्याचे दुकान असलेले, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले शिवलिंगअप्पा, आणि लोको शेडमधला फिटर नामदेव. विषय माझाच होता.

"पोरगं हितं ऱ्हानार न्हाई, बशीरभाई," अप्पा म्हणत होते. "आज सोलापूर मागायलंय. उद्या सिकंदराबाद उचलून नेतंय अन् बदल्यात काय देतंय? सलाम. सोलापूरवाले निदान एक बॅक तरी द्यायलेत."

"कसला बॅक?" बशीरभाई चहा गाळता गाळता म्हणाले. "गाभण म्हैस देऊन भाकड आनायलात तुमी."

"अन् पोरगं अजून कच्चं हाय," नामदेव म्हणाला. "पाडाला आलेला आंबा झाडावरच ऱ्हाऊ द्यावा."

"झाडावर ऱ्हायला तर राघू खातेत," अप्पा म्हणाले. "येळंला उतरून गवताच्या आढीत पिकू घालावा लागतंय."

"सोलापूरची आढी काय सोन्याची हाय?"

मी चहा मागवला. भाकड कोण, हे पूर्णेत मी सोडून कुणाला ठाऊक नव्हते. निदान माझी तशी समजूत होती. अपमानापेक्षा मला दुसरीच गोष्ट बोचत होती. बारा वर्षांत माझ्यावरून सोलापुरात दोन माणसे कधी भांडली नव्हती. इथे एका पोरासाठी तिघांचे चहा निवत होते.

"सायेब कुटले?" अप्पांनी विचारले.

"सोलापूरचा," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी चूक कळली.

तिघेही माझ्याकडे वळून बसले. "मंग बदल्यात येनारा त्यो मोहोळकर म्हाईत आसंल. कसा हाय?"

"बरा आहे."

"बरा म्हंजे?"

"अनुभवी आहे. चेंडू लांब मारतो."

"गुडघा कसा हाय?" नामदेवने विचारले. शेडमधल्या माणसाची नजर आधी सुट्या भागांवर जाते.

"चालतो."

"चालतो, का पळतो?"

मी चहाचा घोट घेतला आणि चहा छान असल्याचे सांगितले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. माझा भाव तिथेच ठरला.

दुपारी सामना झाला, पूर्णा विरुद्ध परभणी. त्याआधी अर्थात उद्घाटन. पाहुणे एक स्थानिक पुढारी होते. चार-पाच वर्षांपूर्वी, पोलीस ॲक्शनच्या आधी, हेच गृहस्थ याच मैदानावर शेरवानीत अध्यक्षपदी बसत, असे अप्पांनी माझ्या कानात सांगितले. आता खादी होती, खुर्ची तीच. ध्वनिक्षेपकाने आधी शिट्टी घातली, मग पाहुण्यांनी राष्ट्र आणि हॉकीची काठी यांचा संबंध जोडला. शेवटी त्यांच्या हाती स्टिक देण्यात आली. त्यांनी ती सोटा धरावा तशी धरून जोरात फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. मैदानभर टाळ्या पडल्या. आयुष्यात मी अडवलेल्या सगळ्या चेंडूंना मिळून तेवढ्या टाळ्या पडल्या नसतील.

मग खंडूचा खेळ पाहिला.

खोट काढायला आलेल्या माणसाने बारकाईने पाहावे, तसा पाहिला. तो फारसा पळतच नव्हता. परभणीचे फॉरवर्ड मुसंडी मारून येत, आणि वेळ ठरवून भेटायला आल्यासारखे नेमके त्याच्यापाशी पोहोचत. तो चेंडू काढून घेई आणि पुढे देई, घरातल्या माणसाने हातातली पिशवी घ्यावी इतक्या साधेपणाने. त्याचे गुडघे पाहून मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. सामना पूर्णेने दोन गोलांनी जिंकला. मैदानाच्या कडेला एका बाईने त्याला दुधाचा तांब्या दिला. तो तिथेच उभ्याने दूध प्यायला. त्या तांब्याचाही मला हेवा वाटला.

संध्याकाळी बशीरभाईंच्या हॉटेलात सगळे पुन्हा जमले. "सोलापूरचे सायेब, तुमाला कसा वाटला?" अप्पांनी विचारले.

खरे बोलायचे तर एका शब्दात झाले असते. मी कप खाली ठेवला, कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, "चांगला आहे. पण डावीकडे वळताना अर्धे पाऊल जादा टाकतो. मोठ्या सामन्यात तिथे सापडेल."

नामदेव सावकाश म्हणाला, "हौ. मला बी वाटलं व्हतं." त्याला अर्थातच तसे काही वाटले नव्हते. परक्या गावच्या माणसाने शांतपणे सांगितलेल्या खोट्यात केवढे वजन असते, ते मी त्या दिवशी पाहिले. अर्ध्या तासात हॉटेलातली निम्मी माणसे उठून बाकांच्या मधे डावीकडे वळून पाहत होती. रात्री अप्पांनी मला घरी जेवायला नेले. ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याचा मसाला) घातलेली आमटी आणि करडईच्या तेलात कालवलेली चटणी. जेवण उत्तम होते. मला मात्र ते गोड लागले नाही.

सकाळी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मैदानावर गेलो. दव पडले होते. खंडू एकटाच होता. त्याने जमिनीवर विटा मांडल्या होत्या आणि तो त्यांच्याभोवती पुन्हा पुन्हा डावीकडे वळत होता. गवतावर त्याच्या पावलांची काळी वाट पडली होती. मला पाहून तो थांबला.

"अप्पांनी सांगितलं मला," तो म्हणाला. "मोहोळकर सायेब, मला ते अर्धं पाऊल सापडंना. दावता का?"

"माझं नाव कुणी सांगितलं?"

"फाटकावर मीच व्हतो की. पासावर लिवलेलं व्हतं."

अंगावरचा काळा कोट उतरला की टिकिट कलेक्टर ओळखू येत नाही, हे मला तरी माहीत असायला हवे होते. आणि ओळख लपवून निघालेला टिकिट कलेक्टर रेल्वेच्या पासावर प्रवास करतो, याहून मोठा मूर्खपणा मी पंधरा वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

"मग हॉटेलात कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुमी सांगितलं न्हवतं, म्हनून." त्याने स्टिक माझ्यापुढे धरली. "सही करा, न्हाईतर नका करू. सोलापूरला यायची मला लय विच्छा हाय, खोटं कशाला बोलू. पर बारा वर्सं खेळलेल्या मानसाला चूक दिसली, ती तेवढी दावा."

मी स्टिक घेतली. बरोबर कसे वळायचे ते दाखवायचे आणि निघायचे, असे ठरवले. चेंडू पुढे घेतला, विटेपाशी आलो, डावीकडे वळलो. गुडघा अडकला. तोल सावरायला पाय आपोआप पुढे पडला. अर्धे पाऊल.

खंडू माझ्या पायांकडे बघत होता. "म्हंजे, हे असं व्हतंय माजं?"

"नाही," मी म्हणालो. "हे माझं होतं. चार वर्षांपासून होतंय. तुझं होत नाही."

"मंग काल तसं का सांगितलं?"

"काल मला दुसरं काही सापडलं नाही."

तो रागावेल किंवा हसेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने वाकून एकेक वीट उचलली आणि शेवटची उचलताना म्हणाला, "मंग इटा उगंच मांडल्या."

परतीच्या गाडीत पोखर्णी आली, गेली. कुणी शेळी घेऊन चढले नाही. नवे प्रदेश पाहून मन मोठे होते, असे प्रवासाविषयी लिहिणारे म्हणतात. माझे तसे काही झाल्याचे जाणवले नाही. त्याचे वय, त्याचे गुडघे, त्याची ती सरळ नजर, सगळ्याचा हेवा जाताना होता तसाच परत येतानाही बरोबर होता. फरक इतकाच होता, की जाताना तो मला खोट शोधायला सांगत होता आणि येताना त्याला काही काम उरले नव्हते.

सोलापूरला पोहोचल्यावर अर्ज काढला. त्यात बदलीच्या कारणाचा रकाना असतो. सगळे तिथे 'घरगुती अडचण' लिहितात.

"पूर्णेला तुमचं कोण आहे?" हेडक्लार्कने विचारले.

"मला भाकड म्हणणारी माणसं आहेत," मी सांगितले. "त्यांना सोलापुरात बसून खोटं पाडता येणार नाही."

त्याने 'घरगुती अडचण' लिहिले. मी सही केली. सेक्रेटरींनी भाषण करून शाल दिली. ती मी घेतली. पूर्णेला थंडी बरी पडते.

हे मी पूर्णेहूनच लिहितो आहे. बशीरभाई मला आता भाकड म्हणत नाहीत, तोंडावर तरी. नामदेव मात्र सामन्याआधी अजून गुडघ्याची चौकशी करतो. निघताना मी सोलापूरच्या तिघा मित्रांना पत्ता लिहिलेली कार्डे देऊन ठेवली होती. खंडूने डावीकडे वळताना कधी अर्धे पाऊल जादा टाकले, तर त्याच दिवशी टपालात टाकायची.

आठ महिने झाले. दुपारी टपालाची गाडी आली की मी फाटक सोडून आत जाऊन विचारतो. अजून एकही कार्ड आलेले नाही.