तपासणीच्या सकाळचं तेल

माझी शाळा सातवीतच सुटली, म्हणून लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. नारायणगुड्यातल्या मुलींच्या एका हॉस्टेलात मी पोळ्या करते आणि तिथेच मागच्या खोलीत राहते. गाव इथून लांब, परभणीकडे; इथे मराठी क्वचितच कानावर पडतं. काही महिन्यांपूर्वी तव्यासमोरच मला फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती आणि मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या वाईट नाहीत. पण गॅसपाशी ठेवायचं की नाही ते डॉक्टरकडून लिहून आण, नाहीतर गावी जा, असं त्यांनी सांगितलं. आईला मी हे कळवलंच नव्हतं. माझं लग्न ठरायचं आहे, आणि अशी गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत मी देवाला रोज विचारायचे, तू आहेस ना? उत्तर येत नव्हतं.

दवाखान्यात डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, ती तपासणी ठरली. केस धुऊन या, तेल लावू नका, असं बजावलं होतं. मी धुतलेही. पण सकाळी निघताना भीती फार दाटून आली आणि पाय मारुतीच्या देवळाकडे वळले. तिथल्या दिव्यातलं तेल मी टाळूवर चांगलं जिरवलं. परीक्षेच्या दिवशी आई असंच करायची. मारुतीचं तेल म्हणजे काही केसांना लावायचं तेल नव्हे, असंच मला वाटलं.

तारा लावणाऱ्या बाईंचं बोट टाळूवरून घसरलं. "तेल कायकू डाले?" त्या म्हणाल्या. "ताराँ चिपकते नै. जाओ, धोके आओ." तासाभरात परत आले नाही तर पुढची तारीख मिळणार होती. शिवाय माझ्या कागदावर 'सोबत कोण' हा रकाना रिकामा होता. तो भरल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत.

दवाखान्याबाहेरच्या नळाखाली मी नुसत्या पाण्यानं डोकं चोळत होते. तेल काही निघेना, आणि रडू आवरेना. तेव्हा बाकावरून एक म्हाताऱ्या बाई उठून आल्या. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. का रडतेस, त्यांनी विचारलं, आणि मराठी ऐकूनच मला निम्मा धीर आला. मी सगळं सांगितलं तशा त्या हसल्या. "अगं, मारुतीला काय ठाऊक तुझी टेस्ट आहे म्हणून? थांब इथंच."

समोरच्या दुकानातून त्यांनी शांपूच्या पुड्या आणल्या आणि मला वाकायला लावून तीनदा डोकं धुतलं. घट्ट बोटं होती त्यांची. मग पदरानंच केस पुसले. घर सोडल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. केस वाळेपर्यंत त्या शेजारी बसल्या, माझा कागद घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं, आजी.

आत मी दातावर दात रोवून पडले. इथेच फिट आली तर, हीच धास्ती. जबडा आवळला की रेघा बिघडतात, असं त्या तारावाल्या बाई दोनदा म्हणाल्या, पण मला सोडताच येईना. तिथले डॉक्टर काही पेशंटना तपासणीच्या मधेच शास्त्रीय गाण्याची रेकॉर्ड ऐकवून लहरींत काय फरक पडतो ते बघतात. मला विचारलं, मी हो म्हटलं. त्यातलं मला काही कळत नाही. आमच्याकडे भजन असतं, टाळांचा गजर असतो. इथे मागे तंबोरा होता आणि एक बाई एकच सूर धरून बसल्या होत्या. पुढे जायची घाईच नाही. ऐकता ऐकता मला वाटलं, नळाखाली कुणी सावकाश डोकं धुतंय. जबडा कधी सुटला ते कळलंच नाही. फिट आल्यापासून मी स्वतःला गच्च धरून होते. तेवढा वेळ धरलं नाही, आणि काही वाईट झालं नाही.

डॉक्टरांनी मला पडद्यावर रेघा दाखवल्या. गाण्याच्या आधी आजाराची खूण असलेली टोकं दाटीनं होती, गाणं चालू असताना विरळ झाली, गाणं थांबल्यावर हळूहळू परत आली. "सगळ्यांचं असं होत नाही," ते म्हणाले, "आणि गाण्यानं हा आजार जात नाही. गोळी एक दिवस चुकवायची नाही." मग लिहून दिलं, सध्या विस्तवापासून लांब, बाकीचं काम करू शकते. मॅडमनी मला भाजी चिरायला बसवलं. पोळ्या दुसरी करते. खोली राहिली.

कागद घेऊन बाहेर धावले तेव्हा बाक रिकामा होता. त्या कुणाबरोबर आल्या होत्या, कुठे राहतात, मी काहीच विचारलं नव्हतं. देवच आला, असं मी म्हणणार नाही. मी देवाकडे तेल मागितलं, आणि माझ्या वाट्याला ते तेल धुणारे हात आले. मागावं काय ते मला कळत नाही, एवढं मला कळलं.

त्याच संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, गोळी घेतलीस का? आता रोज तेच विचारते.

परवा पुन्हा दाखवायला गेले; नुसतं दाखवायला सोबत लागतेच असं नाही. खिडकीतल्या माणसानं विचारलं, सोबत कोण? मी बाकाकडे एकदा पाहिलं. एकटीच आलेय, म्हणाले. हे सांगताना माझा जबडा आवळला नाही.