रिकामं जातं

"आजी, रविवारी खेडं बघायला जाऊ," असं माझी नात परवा म्हणाली. मी म्हटलं, "बघायला? अगं, मी त्यातनंच पळून आलेय."

ती हसली. तिला वाटलं, आजीचं नेहमीचं तिरकं बोलणं. शहराबाहेर आता एक नवीन ठिकाण झालंय. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, बैलगाडीतनं फेरी, संध्याकाळी गोंधळ आणि पोवाडे, शेवटी पिठलं-भाकरी. आत जायला तिकीट. नातीच्या मैत्रिणी जाऊन फोटो काढून आल्या होत्या. तिनं मला एका मैत्रिणीचा व्हिडिओ दाखवला. पोरगी नऊवारी नेसून जात्यापुढं बसलेली आणि हसत हसत जातं फिरवतेय. दाणा नाही, पीठ नाही, नुसता दगडावर दगड. तो आवाज ऐकला आणि मी फोन पालथा घातला.

पाहुण्यांची चिंता आमच्या शहराला आजची नाही. लेणी दिवसा बघून होतात, मकबरा तासाभरात होतो, मग संध्याकाळी त्यांनी करायचं काय? मी लहान होते तेव्हापासून मोठी माणसं या प्रश्नावर डोकं खाजवतायत. त्या काळात चिकलठाण्याच्या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. विमानानं साहेब यायचे, गोरे पाहुणे यायचे, त्यांच्यासाठी हिरवळीची मोठी हॉटेलं झाली होती. माझे वडील एका कारखान्यात लागले होते आणि आई तसल्याच एका हॉटेलात बाग झाडायला. आम्ही हर्सूलच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत राहायचो. गाव सुटून तेव्हा काही वर्षं झाली होती.

गाव कसं सुटलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांत आमच्या वस्त्यांवर माणसं चालून आली. आमचं गाव गोदावरीच्या अंगाला, नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. माझी मोठी बहीण कळती होती, आईच्या खांद्याला लागलेली. आमच्या जात्यावर त्या दोघी समोरासमोर बसायच्या. जातं अंगणात, कुडाच्या आडोशाला. त्याच्या वरच्या दगडाची कड एकदा फुटली होती, तेव्हा वडिलांनी लोहाराकडनं त्याला लोखंडी पट्टा बसवून आणला होता. खुंटा मोडला तेव्हा बहिणीनं बाभळीचं लाकूड तासून नवा केला. आईचा हात वर असायचा, हिचा खाली. हिची मूठ लहान, ती घसरायची. म्हणून तिनं खुंट्याच्या खालच्या अंगाला आपल्या मुठीपुरती खाच कोरून घेतली, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केली. मी तिथं हात घातला की म्हणायची, "काढ हात, तुझी जागा नाय ती. तू मोठी झाली की बघू."

त्या दिवशी दुपारपासून चावडीकडनं गलका ऐकू येत होता. वडील बाहेर गेलेले. मी भेदरून रडत होते, रडायची थांबत नव्हते. मला सवय होती जात्याच्या आवाजावर झोपायची. घरात दळायला दाणा नव्हता. तर बहिणीनं काय केलं, रिकामंच जातं फिरवायला घेतलं, एका हातानं मला मांडीवर दाबून. गलका ऐकू येऊ नये म्हणून जोरात फिरवत होती. आई आतनं धावत आली आणि तिच्या पाठीत रट्टा घातला. "रिकामं जातं फिरवत्यात व्हय गं? घर रिकामं करती काय?" आमच्याकडं बाया हे फार मानतात. जातं घासाशिवाय फिरवू नये. फिरवलं तर ते घरातलं माणूस मागतं म्हणतात.

दिवस मावळताना वस्ती पेटली. आम्ही ओढ्या-ओढ्यानं पळालो. तालुक्याच्या शाळेच्या व्हरांड्यात बाकीच्या लोकांबरोबर राहिलो. बहीण भिजली होती, अंगात ताप होता, तो उतरलाच नाही. ती गेली. तिथंच, परक्या गावात तिची माती केली. तिची एक चिंधीसुद्धा आमच्याजवळ राहिली नाही.

त्यानंतर आईनं घरात तिचं नाव घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही. एकदा मी घेतलं तर तोंडावर हात ठेवून दाबून धरलं, मला श्वास घेता येईना. ती मला कधी वेडंवाकडं बोलली नाही. पण जातं कुणाला झोपवायसाठी फिरलं होतं हे तिला माहीत होतं आणि मलाही. काही काही वेळा ती माझ्याकडं बघत बसायची, तेव्हा मला उठून बाहेर जावंसं वाटायचं.

तर त्या हॉटेलानं एका हिवाळ्यात पाहुण्यांसाठी मेळा घातला. हिरवळीवर आख्खं खेडं उभं केलं. एक कुंभार, एक लोहार, हिमरूच्या शाली विणणारे जुन्या शहरातले एक चाचा आपल्या मागासकट. रोज संध्याकाळी नाच, सनई आणि जेवण. हे सगळं मांडायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. बोलायला गोड, उन्हात राबणाऱ्या, वाईट म्हणता यायच्या नाहीत. त्यांनी बागेतल्या बायांना विचारलं, "जात्यावर ओव्या कोण म्हणतं?" बाकीच्यांनी आईकडं बोट दाखवलं.

बाईंनी आईला नऊवारी नेसवली, नाकात नथ घातली, कपाळभर कुंकू लावलं आणि पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की या गावच्या पाटलीणबाई. माझ्या आईला! ज्या गावात आमच्या हातचं पीठ कुणी घेतलं नसतं, तसल्याच गावची पाटलीण. वडील घरी हसून हसून लोळले. आई हसली नाही. ती म्हणाली, "आपलं जातं हाय तिथं."

वडिलांचं हसू थांबलं.

"पट्टा हाय. खुंटाबी त्योच."

खेडोपाडी फिरून जुन्या वस्तू गोळा करणारे व्यापारी असतात. जळक्या वस्त्यांतनं ज्याला जे मिळालं ते त्यानं उचललं, विकलं, पुन्हा विकलं. दगड जळत नाही. कुड जळाला पण जात्यापर्यंत आग आली नसावी, कारण खुंटाही शाबूत होता. हॉटेलवाल्यांनी ते बाजारातनं रीतसर आणलेलं. चोर कुणाला म्हणणार?

"मागून घे की," वडील म्हणाले.

"आन तुमचं कसं म्हणून इचारलं तर? सांगू काय? नथ घालून सांगू?"

नामांतर तेव्हा व्हायचं होतं. मोर्चे निघत होते, लाठ्या बसत होत्या, कारखान्यातही माणसं माणूस बघून बोलत होती. हे सांगितलं तर काम जाईल, ही भीती खरी होती. पण आईला जातं पाहिजे होतं. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं. रोज सकाळी ती वेळेआधी निघायची. सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथं जायची आणि कुडाच्या मागं बसून बघायची.

आई जात्यावर बसली की खुंट्याला वरच धरायची. खालची जागा मोकळी. दोघींनी धरायचा खुंटा एकटीनं ओढायचा म्हणजे खांदा मोडतो, पण तिचा हात खाली सरकला नाही. माहेराच्या ओव्या म्हणायची, भावाच्या म्हणायची. लेकीची ओवी आली की गप्प. मग बाई पाहुण्यांना म्हणायच्या, "या, समोर बसा, तुम्हीही धरा." गोऱ्या बाया बसायच्या, साहेबांच्या बायका बसायच्या. परक्या मुठी त्या खाचेत जायच्या. आई तेवढ्यापुरता आपला हात काढून घ्यायची आणि बाजूला बघत राहायची.

मी एकदा म्हटलं, "मी बसू समोर?"

"नको."

"त्या बसतात की."

"त्यांचं येगळं," आई म्हणाली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, मेलेल्या बहिणीचा राग आला. ती जाऊनही तिची जागा भरलेली होती आणि मी जिवंत असून उभी होते.

सगळ्यात वाईट दुपार असायची. आई भाकरी खायला मागं जायची तेव्हा पाहुणे, त्यांची पोरं येऊन रिकामंच जातं फिरवायची. फोटोसाठी. तो खरखर आवाज हिरवळभर जायचा. आईच्या हातातला घास तिथंच थांबायचा. मला अंगणातली दुपार आठवायची, मांडीवर दाबून धरलेलं माझं डोकं आठवायचं. मग माग थांबवून चाचा ओरडायचे, "अरे मियाँ, खाली चक्की नक्को फिराओ. घर का आदमी जाता." पाहुण्यांना ते आवडायचं. त्यांना वाटायचं, हाही कार्यक्रमातलाच भाग. बाईंनी तर ते वाक्य माहिती सांगताना घालून टाकलं.

शेवटच्या संध्याकाळी ट्रक आला. मडकी, टोपल्या, बैलगाडीची चाकं चढवायला लागले. मी आईला शोधत गेले तर ती बाईंपुढं उभी. नथ काढलेली, आपलं रोजचं लुगडं नेसलेली.

"बाई, ह्ये जातं मला द्या."

बाई थकल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हे सगळं पुढं दुसऱ्या प्रदर्शनाला जाणार. तुम्हाला नवीन घेऊन देऊ आपण, छान."

"नवं नगं."

"मग मी तरी काय करू? माझ्या हातात नाही हो ते."

गडी जातं उचलायला वाकले तशी आई मधे जाऊन बसली. खुंटा दोन्ही हातांनी धरून मागंपुढं हलवायला लागली. तो घट्ट बसला होता. चाचा आपल्या मागाची दोरी गुंडाळत होते, ते आले आणि काही न विचारता खुंट्याच्या बुडाशी दगडानं दोन ठोके दिले. खुंटा निघाला. आईनं तो पदराखाली घेतला.

"अहो, हे काय? खुंटा कशाला काढलात?" बाई म्हणाल्या.

"आता रिकामं फिरायचं नाय त्ये," आई म्हणाली. "आन खुंटा माझ्या लेकीनं केलाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कौतुक वाटलं. "हिनं? एवढीशी आहे की. हुशार आहे हो तुमची लेक."

आईनं वळून माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल. नाही म्हणेल, नाही तर हो म्हणेल. ती पदर सावरून चालायला लागली. घरापर्यंत मी तिच्या मागं मागं चालले. ट्रक आमच्या पुढनं गेला, त्यात जातं होतं. परत ते कुठं दिसलं नाही.

पुढं नामांतर झालं, वडिलांचा पगार वाढला, आम्ही पुंडलिकनगरात आलो. मी शिकले, नोकरी केली, मुदतीआधी निवृत्तही झाले. आई शेवटपर्यंत खुंटा उशाला घेऊन झोपायची. झोपेत तिची मूठ वरच्या टोकावर असायची. ती गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले, सरणात ठेवा. मी नाही ठेवला. तो मी आणला.

रविवारी मी नातीबरोबर गेले. खुंटा पिशवीत घेतला होता, तिला सांगितलं नव्हतं. जातं बघितलं. पट्टा नव्हता. आमचं नव्हतंच ते, कशाला असेल? खुंट्याला लाल-पिवळा रंग दिलेला होता. तरी मी तो काढला आणि आमचा घालून बघितला. बसला नाही, भोक लहान होतं. तिथला पहारेकरी म्हणाला, "आजी, नुसतं फिरवा ना, सगळे तसंच फिरवतात." मी त्याला म्हटलं, "तुझं तू बघ बाबा." रंगवलेला खुंटा त्याच्या हातात दिला.

नातीनं माझ्या हातातनं आमचा घेतला. आता ती माझ्या खांद्याला लागलीय. तिनं तो उलटसुलट फिरवला आणि खालच्या खाचेत मूठ घातली. मी कधी तिथं मूठ घातली नव्हती. आई गेल्यावर, घरात एकटी असतानाही नाही. नातीची मूठ बरोबर बसली.

"आजी, हे कुणाच्या हाताचं आहे गं?"

मागं कुणीतरी पोरगं लाल-पिवळा खुंटा पुन्हा घालून जातं फिरवायला लागलं होतं. खरखर आवाज येत होता. मी तोंड उघडलं, आणि ओठांवर आईचा हात आहे असं मला स्पष्ट जाणवलं. तरी मी नाव सांगितलं. नातीनं ते एकदा म्हणून बघितलं, बरोबर आलं का म्हणून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो, बरोबर."

मग मी तिला म्हटलं, "काढ आता हात. मी झाले मोठी."